दोन अ‍ॅम्प्लिफायर, एक स्पीकरजोडी आणि तिसरी पिन

समजा, शिरड शहापुरातले एक घर. औंढा नागनाथ तालुक्यातले हे गाव, मल्लिनाथ दिगंबर जैन मंदिरामुळे दूरच्या यात्रेकरूंनाही ठाऊक असलेले. हळदीची पट्टी हातात आली, कर्जाचा हप्ता गेला, बियाण्याचे पैसे बाजूला पडले आणि उरलेल्यातून घरात नवे होम थिएटर आले. मोठा टीव्ही, त्याखाली रिसीव्हर. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात मात्र आजोबांच्या हौसेचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याचे दोन लाकडी स्पीकर आधीपासून आहेत. पहाटेचे अभंग, दुपारची रेडिओवरची नाट्यगीते यांचा आवाज त्यातूनच ऐकायची घराला सवय. नव्या संचाबरोबर आलेले प्लास्टिकचे स्पीकर त्यांच्यापुढे पत्र्याचा डबा वाजवल्यासारखे वाटतात. मग साहजिक प्रश्न निघतो : सिनेमा नव्या रिसीव्हरवर, गाणी जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर आणि स्पीकर मात्र दोघांना मिळून हेच, असे करता येईल का?

येते. मला तर हा विचार शहाणपणाचाच वाटतो. चांगला स्पीकर नीट वापरला तर तीस-तीस वर्षे टिकतो. त्याच्या पडद्याभोवतीची फोमची किंवा रबराची कड तेवढी मध्ये एकदा बदलावी लागते. इलेक्ट्रॉनिक्स मात्र पाच-सात वर्षांत जुने होते, कारण दर वेळी नवी जोडणी, नवे फॉरमॅट येतात. म्हणून पैसे घालायचे ते स्पीकरमध्ये आणि तेच सगळीकडे वापरायचे. एका खोलीत चार-चार पेट्या मांडून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

माझा आक्षेप कल्पनेला नाही. ती आपल्याकडे ज्या पद्धतीने अमलात येते तिला आहे. आणि आरोग्याच्या सदरात हा विषय घेण्याचे कारणही तेच. ही जोडणी चुकली तर नुकसान फक्त यंत्राचे होत नाही.

सर्वांत सरधोपट पद्धत अशी : दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरी सोलायच्या, एकत्र पिळायच्या आणि स्पीकरच्या खटक्यात खोचायच्या. ‘एका वेळी एकच चालू करायचा, मग काय होतंय?’ हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण अ‍ॅम्प्लिफायरच्या दृष्टीने पाहा. त्याला सवय आहे ती आठ ओहमचा विरोध करणाऱ्या स्पीकरची. वीस व्होल्टचा दाब दिला तर अडीच अ‍ॅम्पिअर करंट वाहतो आणि पन्नास वॉट शक्ती मिळते. इथवर सगळे ठीक. आता त्याच तारांच्या टोकाला दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचे आउटपुट जोडले आहे. चालू अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटचा अंतर्गत विरोध फार कमी ठेवलेला असतो, ओहमच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही कमी. स्पीकरच्या पडद्यावर घट्ट ताबा राहावा म्हणून तो मुद्दाम तसा ठेवतात. म्हणजे पहिल्याला समोर आठ ओहम दिसतच नाहीत, जवळजवळ शॉर्ट सर्किट दिसते. चांगल्या कंपनीचा असेल तर तो ‘प्रोटेक्ट’ दाखवून बंद पडतो. साधा, गल्लीत जुळवलेला असेल तर त्याचा आउटपुट ट्रान्झिस्टर जातो.

दुसरा बंद असला म्हणजे धोका टळला, असेही नाही. अनेक चांगल्या यंत्रांत बंद असताना आउटपुट तोडणारा रिले असतो. स्वस्त यंत्रात तो नसतो. मग पहिल्याचा आवाज दुसऱ्याच्या पोटात उलट्या बाजूने शिरतो. आणि दोघे एकदम चालू होणारच नाहीत याची खात्री कोण देणार? रिमोट लहान मुलाच्या हातात असतो, लाइट जाऊन येतात, आल्यावर काही यंत्रे आपोआप चालू होतात.

ट्रान्झिस्टर गेला म्हणजे काय होते, हे एकदा समजून घेतले की पिळलेल्या वायरींची भीती वाटायला लागते. तो बहुधा शॉर्ट होऊन जातो आणि आतल्या पॉवर सप्लायचा डीसी दाब, उदाहरणार्थ पस्तीस व्होल्ट, थेट स्पीकरवर येतो. स्पीकरच्या कॉइलचा डीसी विरोध साधारण सहा ओहम. गणित करा : दोनशे वॉटच्या आसपास उष्णता, बोटभर रुंदीच्या एका कागदी नळीवर गुंडाळलेल्या बारीक तारेत. आवाजही नाही, कारण डीसीने पडदा एकदाच पुढे ढकलला जातो आणि तिथेच अडकतो. खोलीत माणूस नसेल तर आधी वास येतो, मग धूर. स्पीकरच्या आत कापूस, कागद आणि लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी असते, हे वेगळे सांगायला नको.

मग बरोबर रस्ता कोणता? रिसीव्हरच्या मागे ‘प्री-आउट’ असे लिहिलेली भोके आहेत का, ते आधी पाहावे. असतील तर काम सोपे. पुढच्या डाव्या-उजव्या चॅनेलचा कमजोर सिग्नल तिथून साध्या ऑडिओ केबलने स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये न्यायचा आणि स्पीकर कायमचे फक्त स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरलाच जोडलेले ठेवायचे. गाणी ऐकताना रिसीव्हर बंद. सिनेमा पाहताना रिसीव्हर डोके चालवतो आणि जुना अ‍ॅम्प्लिफायर फक्त हमाली करतो. दोन आउटपुट एकमेकांना भिडण्याचा प्रश्नच येत नाही. काही स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरवर यासाठी ‘होम थिएटर बायपास’ किंवा ‘मेन इन’ अशी खास जागा असते. तिथे त्याचे स्वतःचे व्हॉल्यूम बटण बाजूला पडते आणि सगळा ताबा रिसीव्हरकडे राहतो. अशी जागा नसेल तर ‘ऑक्स’मध्ये जोडावे आणि जुन्याचे व्हॉल्यूम एका ठरलेल्या खुणेवर ठेवावे. खूण म्हणजे खरोखरच खूण, नेलपॉलिशचा ठिपका चालेल. ती खूण विसरली आणि बटण कोणी शेवटपर्यंत फिरवून ठेवले, तर पुढच्या सिनेमातला पहिला स्फोट घरातल्यांच्या कानावर आणि स्पीकरवर एकदमच आदळतो.

प्री-आउट नसतील, आणि एका खोक्यात सगळे मिळणाऱ्या स्वस्त संचांना ते बहुधा नसतात, तर दोन अ‍ॅम्प्लिफायरमधून एक निवडणारा स्विच लागतो. इथे एक बारकावा आहे, आणि तो दुकानात कोणी सांगत नाही. बाजारात मिळणारे बरेच स्पीकर सिलेक्टर एका अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकरच्या अनेक जोड्या जोडण्यासाठी असतात. आपल्याला हवे आहे ते नेमके उलट. शिवाय स्विचने लाल आणि काळी अशा दोन्ही वायरी तोडल्या पाहिजेत, आणि दुसरा जोडण्याआधी पहिला पूर्ण तुटला पाहिजे. काळी वायर आत एकच करून टाकलेला स्विच आजच्या अनेक लहान डिजिटल अ‍ॅम्प्लिफायरना चालत नाही, कारण त्यांची काळी वायर ‘शून्य’ नसते. तिच्यावरही सिग्नल असतो. स्विच कोणता आहे ते कळत नसेल तर सरळ वायरी हाताने काढून बदलाव्यात, दोन्ही यंत्रे बंद करून. आठवड्यातून एकदा सिनेमा पाहणाऱ्या घराला एवढा त्रास परवडतो. केळीच्या आकाराच्या पिना, ज्यांना बाजारात ‘बनाना प्लग’च म्हणतात, लावून घेतल्या तर काम अर्ध्या मिनिटाचे आहे.

आणि खरे सांगायचे तर, बऱ्याच घरांना दोन अ‍ॅम्प्लिफायरची गरजच नसते. आजचा बरा रिसीव्हर ‘स्टिरिओ’ किंवा ‘डायरेक्ट’ वर ठेवला तर गाणी उत्तम वाजवतो. डोळे मिटून दोघांतला फरक ओळखण्याची पैज लावली, आणि दोघांचा आवाज अगदी सारखा ठेवला, तर हौशी माणसेही गडबडतात. थोडा जरी मोठा असेल तो आवाज कानाला ‘जास्त चांगला’ वाटतो. दुकानदारांना हे पक्के ठाऊक असते. पण आजोबांच्या अ‍ॅम्प्लिफायरचा हिशेब फक्त कानाचा नसतो, हे मान्य. ज्यांना तो ठेवायचा आहे त्यांनी जरूर ठेवावा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जोडणी बरोबर झाली, प्री-आउटमधून केबल गेली, सगळे चालू केले आणि स्पीकरमधून ‘गूंऽऽ’ असा सतत आवाज येऊ लागला. गाणे बंद तरी गूं चालूच. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की तो आला नाही तरच नवल. त्याचे कारण अर्थिंग. रिसीव्हर एका सॉकेटमधून जमिनीला जोडलेला, स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या सॉकेटमधून, सेट-टॉप बॉक्सची छत्रीची वायर गच्चीवरच्या लोखंडी खांबातून. आणि ऑडिओ केबलच्या बाहेरच्या जाळीने हे सगळे एकमेकांना जोडले. तारेचे एक मोठे कडे तयार झाले. घरातल्या विजेचे पन्नास हर्ट्झचे कंपन त्या कड्यात बारीकसा करंट फिरवते आणि अ‍ॅम्प्लिफायर तो इमानदारीने मोठा करून ऐकवतो.

यावर गावोगाव एकच जालीम उपाय केला जातो. तीन पिनांच्या प्लगातली वरची जाड पिन काढून टाकायची किंवा आतली हिरवी वायर सोडवून ठेवायची. गूं खरोखर थांबते. ज्याने हे केले त्याला ‘आवाजातला जाणकार’ म्हणून मान मिळतो. मंडपवाले करतात, भजनी मंडळाच्या साउंडवर करतात, घरीही करतात. माझ्या मते आपल्या घरांतल्या विजेच्या सवयींपैकी ही सर्वांत घातक सवय आहे, आणि तिला कोणी सवय म्हणतच नाही, ‘जुगाड’ म्हणतात.

ती पिन इतरांपेक्षा लांब आणि जाड का असते? प्लग खोचताना सर्वांत आधी ती टेकावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. धातूच्या पेटीचे यंत्र जमिनीला बांधून ठेवणे हे तिचे काम. आत ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन जुने होऊन फुटले, एखादी फेजची वायर सुटून पेटीला लागली, उंदराने कुरतडली, तर करंट त्या जाड वायरने जमिनीत पळतो, फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडते आणि यंत्र मुके होते. पिन काढली की पेटी २३० व्होल्टवर शांतपणे बसून राहते. गाणे चालूच राहते. कळत कोणालाच नाही.

आणि इथे दोन यंत्रांचा मामला एका यंत्रापेक्षा वाईट ठरतो. ऑडिओ केबलची जाळी दोन्ही पेट्या एकमेकींना जोडते. म्हणजे दोष जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असला तरी वीज नव्या रिसीव्हरच्या पेटीवर, तिथून टीव्हीच्या मागच्या धातूवर, छत्रीच्या वायरीवर आणि ऑक्स केबलने जोडलेल्या मोबाइलपर्यंत पोहोचू शकते. कानात इअरफोन नसला तरी मोबाइल हातात आहे, पाय अनवाणी आहेत आणि फरशी नुकतीच पुसलेली आहे. ओल्या त्वचेच्या माणसाचा विरोध साधारण हजार ओहम धरला तर शरीरातून जवळपास पाव अ‍ॅम्पिअर करंट जाईल. हृदयाचे ठोके विस्कटायला याहून बराच कमी करंट पुरतो. पन्नास ते शंभर मिलिअ‍ॅम्पिअर सेकंदभर छातीतून गेला तरी हृदय आकुंचन विसरून नुसते थरथरू लागते. घरातल्या सोळा अ‍ॅम्पिअरच्या एमसीबीला मात्र या पाव अ‍ॅम्पिअरचे काहीच वाटत नाही. ती वायर जळू नये म्हणून असते, माणूस वाचावा म्हणून नव्हे. हा फरक शाळेच्या पुस्तकात ठळक अक्षरांत छापायला हवा.

माणूस वाचवायचे काम आरसीसीबी नावाच्या स्विचचे आहे. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांची ती सतत तुलना करते. तीस मिलिअ‍ॅम्पिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट कोणाच्या तरी अंगातून वाट काढतो आहे असे समजून, सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. अर्थिंग कमकुवत असले तरी ती काम करते, कारण ती जमिनीकडे पाहतच नाही. फेज आणि न्यूट्रलचा हिशेब जुळतो का, एवढेच तपासते. तिच्यावर ‘टी’ लिहिलेले छोटे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचे असते. घरात ती नसेल तर होम थिएटरचे पैसे देण्याआधी ती बसवावी. संचाच्या किमतीच्या मानाने तिची किंमत किरकोळ आहे.

दोन पिनांचा प्लग म्हणजे धोकाच, असाही समज करून घेऊ नये. अनेक नव्या यंत्रांच्या मागे एका चौकोनात दुसरा लहान चौकोन अशी खूण असते. त्यांना दुहेरी इन्सुलेशन असते, अर्थिंग लागत नाही. अशा टीव्हीच्या मागच्या धातूला हात लावला की कधीकधी झिणझिण्या येतात आणि टेस्टर मंद पेटतो. ती आतल्या फिल्टरमधून झिरपणारी अगदी थोडी वीज असते, त्रासदायक पण बहुधा निरुपद्रवी. मात्र मूळचा प्लग तीन पिनांचा असेल तर त्या तिन्ही जागेवर राहिल्या पाहिजेत. आणि झिणझिण्या जाऊन झटका बसू लागला तर ते यंत्र बंद करून आधी तपासून घ्यावे.

आणखी एक प्रकार याहून फसवा. सॉकेटमध्ये अर्थिंगची वायरच आलेली नसते, म्हणून काही वायरमन सॉकेटच्या आतच वरचे भोक न्यूट्रलला जोडून देतात. टेस्टरने पाहिले तर सगळे ठीक. पण कुठे न्यूट्रल सुटला, आणि पावसाळ्यात खांबावर तो सुटतोच, की घरात चालू असलेल्या दिव्या-पंख्यांतून फेज त्या न्यूट्रलवर येतो आणि तिन्ही पिना शाबूत असलेल्या प्रत्येक यंत्राच्या पेटीवर पोहोचतो. नियमाने वागणारा माणूसच इथे सापडतो. मीटरच्या पुढची वायरिंग ही ग्राहकाची जबाबदारी असते, महावितरणची नव्हे. म्हणून परवानाधारक वायरमनला बोलावून ‘वरचे भोक कुठे जाते ते उघडून दाखव’ असे स्पष्ट सांगावे. यात भीड बाळगायचे कारण नाही.

गूं घालवण्याचे सभ्य मार्ग आहेत. सगळी यंत्रे एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर लावली की कडे लहान होते आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. छत्रीची केबल काढून पाहावी. गूं थांबली तर गुन्हेगार सापडला, तिथे एक छोटा आयसोलेटर बसतो. विजेची वायर आणि ऑडिओ केबल एकत्र बांधून नेऊ नयेत. तरीही राहिली तर दोन यंत्रांच्या मध्ये ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावावा. तो आवाज चुंबकाच्या मार्गे पलीकडे नेतो, तारेने जोडत नाही. लाइन आयसोलेटर किंवा हम एलिमिनेटर म्हणून मागितला तर मिळतो.

योगायोग पाहा, याच औंढा तालुक्यात लायगो-इंडिया उभी राहते आहे. गुरुत्वीय लहरी पकडणारी ही वेधशाळा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढा बदल मोजण्याची तिची तयारी. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी पकडलेली पहिली लहर साधारण ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली होती, म्हणजे आपल्या स्पीकरच्या खर्जाच्याच टापूत. आणि तिथल्या शास्त्रज्ञांनाही डोकेदुखी झालेल्या गोष्टींत एक कोणती? विजेच्या पुरवठ्याची गूं. अमेरिकेत साठ हर्ट्झची, आपल्याकडे पन्नास. त्यांनी त्यासाठी अर्थिंगची पिन कापली नाही. कापूनही भागले नसते. गूं कुठून शिरते त्याचा एकेक रस्ता शोधून बुजवावा लागतो, दिवाणखान्यातही आणि वेधशाळेतही.

कानाबद्दल बोलल्याशिवाय हे पुरे होणार नाही. सिनेमागृहातला ध्वनी ज्या पातळीवर बसवतात, तिथे प्रेक्षकाच्या खुर्चीवर सरासरी ८५ डेसिबल आणि प्रत्येक मुख्य चॅनेलचे क्षणिक टोक १०५ पर्यंत जाऊ शकते. अनेक रिसीव्हरवर ‘शून्य’ हा आकडा ध्वनी मोजून लावला असेल तर हीच पातळी दाखवतो. दहा बाय बाराच्या, सिमेंटच्या भिंतींच्या आणि पत्र्याच्या छताच्या खोलीत ती सहन होण्यासारखी नसते. जागतिक आरोग्य संघटनेचे ठोकताळे साधे आहेत : ८० डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तास. प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९२ डेसिबलला अडीच तास, एका लांब हिंदी सिनेमाएवढा आठवडाभराचा वाटा. कानाच्या आतल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

पण घरात आवाज वाढतो तो बहुधा तरुणांच्या मस्तीमुळे नाही, संवाद ऐकू येत नाहीत म्हणून. आजी म्हणते, ‘काय बोलतंय ते कळंना, जरा मोठं कर.’ मोठे केले की पुढच्या मारामारीला भिंती हादरतात. वयानुसार आधी वरच्या पट्टीचे ऐकणे कमी होते. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘थ’ यांसारखी व्यंजने तिथेच असतात. स्वर ऐकू येतात, शब्द समजत नाहीत. त्यातून फक्त दोन स्पीकरवर सिनेमा पाहिला तर आणखी एक अडचण. पडद्याच्या मधोमध उभ्या माणसाचा आवाज डावीकडून आणि उजवीकडून असा दोनदा प्रत्येक कानावर येतो, लांबच्या स्पीकरकडून मिलिसेकंदाच्या चौथ्या भागाएवढा उशिरा. दोन हजार हर्ट्झच्या आसपास या दोन लहरी एकमेकींना कापतात, आणि शब्द स्पष्ट कळण्यासाठी तोच टापू मोलाचा. म्हणूनच होम थिएटरमधला टीव्हीखालचा मधला स्पीकर हा थाट नाही. घरात वयस्कर माणूस असेल तर मागचे दोन छोटे स्पीकर नसले तरी चालतील, मधला हवा. त्याचा आवाज सेटिंगमध्ये तीन-चार डेसिबलने वाढवा आणि ‘नाइट मोड’ चालू करा. तो मोठे आवाज दाबतो, बारीक वर काढतो. समोरच्या उघड्या भिंतीवर जाड पडदा किंवा चक्क एखादी वाकळ टांगा. घुमणे कमी झाले की व्हॉल्यूम आपोआप खाली येतो. एवढे करूनही आजीला कळत नसेल तर प्रश्न अ‍ॅम्प्लिफायरचा नाही, कानाची तपासणी करून घेण्याचा आहे. स्पीकरवर हजारो रुपये घालणारी घरे श्रवणयंत्राच्या नावाने खर्च मोजत बसतात, हे मला नेहमी विचित्र वाटत आले आहे.

जाता जाता, सांगली-कोल्हापूरकडे डीजेला सर्रास ‘डॉल्बी’ म्हणतात. ज्या रे डॉल्बीचे हे नाव, तो १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होता आणि परत गेल्यावर लंडनमध्ये त्याने कंपनी काढली. तिचे पहिले उत्पादन कशासाठी होते? टेपवरची खरखर कमी करण्यासाठी.

घरातल्या आवाजालाही कायदा आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा. खासगी साउंड सिस्टिमने आपल्या जागेच्या हद्दीवर तिच्यापेक्षा पाच डेसिबलहून जास्त भर घालता कामा नये. खर्जाचा सबवूफर भिंती ओलांडून जातो, म्हणून रात्री आधी तो कमी करावा.

दुकानदारांकडून माझी एक अपेक्षा आहे. संच घरी बसवून देणारा मुलगा टीव्हीला खिळे ठोकतो, रिमोट समजावतो, सेल्फी काढतो आणि जातो. त्याच्या पिशवीत सॉकेट तपासण्याचा तीन दिव्यांचा प्लग असायला हवा. खोचला की अर्थिंग आहे की नाही, फेज-न्यूट्रल उलटे आहेत का, हे तो दिव्यांवरून सांगतो. न्यूट्रललाच जोडलेले अर्थिंग मात्र त्याला ओळखता येत नाही, ते बोर्ड उघडूनच पाहावे लागते. पण निदान जिथे काहीच नाही तिथे संच चालू करून देऊ नये आणि पावतीवर तसे लिहावे. कंपन्यांनी माहितीपुस्तिकेतली अर्थिंगची सूचना मराठीत, पहिल्या पानावर छापावी. सध्या ती असते ती सातव्या भाषेच्या चाळिसाव्या पानावर.

आणि घरच्यांनी उन्हाळ्यात एक करावे. काळी जमीन पावसाळ्यात विजेला चांगली वाट देते, पण वैशाखात तिला भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो. जुन्या पद्धतीच्या कोळसा-मिठाच्या खड्ड्यात तेव्हा दर आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी ओतावे लागते. घर बांधताना तो खड्डा कुठे केला होता, हे आधी शोधावे लागेल. बऱ्याच ठिकाणी त्यावर आता फरशी आलेली असते.